पाळीव प्राणी : निरंक

रजनी : ...आणि मग ब्लॉक! सरळ ब्लॉक केलं मला सबनीसबाईंनी.

अनंत : तू पाठवलंस तरी काय असं?

रजनी : वाईट काहीच नाही हो. फोटो पाठवला फक्त. सबनीस ताटलीतली पोळी खातोय असा. खाली लिहिलं, ‘आज सबनीस पोटभर जेवला. थंडीनं मागचा पाय जरा जास्त लंगडतो, बाकी मजेत.’ दोन निळ्या खुणा आल्या आणि पाच मिनिटांत त्यांचा तो पैठणीतला फोटो गायब.

अनंत : रजनी, कुत्र्याला माणसाचं आडनाव द्यायचं आणि वर त्याच माणसाला त्याची खबरबात कळवायची. कोण ऐकून घेईल?

रजनी : ज्यानं सोडला त्याचं नाव कुत्र्याला. हा माझा नियम आहे आणि अख्ख्या पिपलानी टाउनशिपला तो ठाऊक आहे. मी काही चोरून करत नाही. रिटायर झाले सबनीस, क्वार्टर खाली केलं, ट्रक आला. सोफा चढवला. तुळशीवृंदावन चढवलं. ती पायडल मोडलेली शिलाईची मशीन, तीसुद्धा चढवली. आणि ज्याला ‘आमचं शेंडेफळ’ म्हणून गणपतीच्या आरतीला मांडीवर घेऊन बसत होत्या बाई, त्याला फाटकाबाहेर ठेवून कडी घातली. मला म्हणतात कशा, ‘इथली हवा त्याला मानवते हो, पुण्यात हाल होतील त्याचे.’ हवा मानवते! जसा काही दम्याचा पेशंट. आठ दिवस बसून होता तो त्या बंद फाटकाशी. मी दूध नेलं, पोळी नेली, ढुंकून बघेना. नवव्या दिवशी आला मागे मागे. तेव्हाच म्हटलं, चल सबनीस. आडनाव तरी राहू दे तुझ्याजवळ.

अनंत : हे मी तीन वर्षांत शंभर वेळा ऐकलंय.

रजनी : मग एकशे एक वेळा ऐका. गुरुवारनंतर ऐकवायला तरी कुठे मिळणार? पुण्यात अकराव्या मजल्यावर कोण कुणाला काय सांगतंय. तो पट्टा ताणू नका हो! ढब्बू म्हातारा आहे, तेरा वर्षांचा. क्रेननं उचलायचा लोखंडी जॉब नाही तो.

अनंत : मी ताणत नाहीये. तो प्रत्येक सागाशी थांबतोय.

रजनी : थांबू दे की. तुम्हाला आता कुठे पंचिंग करायचंय? पस्तीस वर्षं या रस्त्यावरनं धावत फॅक्टरीत गेलात. आता या थंडीत पाच मिनिटं झाडं बघा. बाकी काय हो, पस्तीस वर्षांनी निरोप दिला आणि हातात काय ठेवलं, तर भिंतीवरचं घड्याळ. ज्याला आता कुठेच वेळेवर जायचं नाही त्याला घड्याळ! कुणाच्या डोक्यातून निघतं हे?

अनंत : शाल पण दिली.

रजनी : हो, शाल. ढब्बूला बरी होईल, मऊ आहे.

अनंत : रजनी... धुकं वाढतंय. आज इथूनच मागे फिरूया का? तो फॉरेस्टवाल्यांचा नवा बोर्ड पण लागलाय.

रजनी : बोर्ड लावलाय, ‘वन्यप्राण्यांचा वावर, सावध राहा’. त्या बोर्डाखालीच कुणीतरी पान खाऊन थुंकलंय. बिबट्या थुंकला बहुतेक. पंपहाऊस बंद झाल्यापासून या रस्त्यावर सायकलसुद्धा येत नाही, बिबट्या कशाला येईल? आपण रोज वडापर्यंत जातो, आजही जाऊ. काशिनाथजी तिथे तिघा कुत्र्यांना घेऊन... बरं, नाही म्हणजे, तुम्हाला फिरायचं असेल तर फिरू मागे.

अनंत : फिरूया ना. उगीच गारठा.

रजनी : फिरू. पण हा फिरेल तर ना! बघा, चाललाय पुढे. त्याला वास लागलाय तिघांचा. ढब्बू! अरे, ढब्बू! चला आता, ओढतोय तर.

अनंत : काशिनाथजी आज नसतीलही आले. थंडी फार आहे.

रजनी : तो माणूस येईलच. अख्ख्या टाउनशिपमध्ये एवढाच एक माणूस म्हणायचा. साधा क्रेन ऑपरेटर होता, रिटायर झाला, इंद्रपुरीत दोन खोल्यांचं घर बांधलं आणि अंगणात ठेवले कोण? तर मी नेऊन दिलेला सबनीससाहेबांचा कुत्रा, नायरसाहेबांचा कुत्रा, चतुर्वेदीसाहेबांचा कुत्रा. हौस डेप्युटी मॅनेजरची, पोळ्या क्रेन ऑपरेटरच्या.

अनंत : पोळ्या तू पण पाठवतेस की.

रजनी : पाठवते. कुणीतरी या अधिकारीवर्गाचं नाक राखायला नको? नायरबाईंचं काय झालं आठवतं ना? मी स्वतः स्टेशनवर जाऊन चौकशी केली. फर्स्ट एसीचा कूपे घेतला तर कुत्रा बरोबर नेता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यात पेटी असते. डॉक्टरचा दाखला लागतो, बाकी काही नाही. सगळं कागदावर लिहून दिलं त्यांना, हिंदीत, मोठ्या अक्षरात. त्यांनी तो फ्रिजवर चिकटवला. मग फ्रिज गेला कोचीला, कागदासकट. आणि नायर इथेच.

अनंत : असेल काहीतरी अडचण.

रजनी : अडचण चतुर्वेदींची खरी! त्यांनी तर म्हणे कुत्र्याला सोडलाच नाही. मुक्त केला. कपाळाला टिळा लावला, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि याच रस्त्यावर आणून मुक्त केला. हार खाल्ला बिचाऱ्यानं भुकेपोटी. आणि तो सबनीसचा स्वेटर पाहिलात ना, या थंडीतला नवा? भडक जांभळा, वर पिवळी नक्षी. काशिनाथजींना कुठून मिळाला देव जाणे. असला स्वेटर बघूनच बिबट्या पळेल.

अनंत : मला वाटतं, आपण जरा हळू चालूया.

रजनी : हळूच चाललोय. अहो, गुरुवारची तिकिटं आली ना?

अनंत : आली. तुला खालचा बर्थ मिळालाय.

रजनी : बर्थ नाही विचारला. डबा कुठला?

अनंत : डबा... थर्ड एसी.

रजनी : थर्ड एसी.

अनंत : हो. सकाळी पोचते गाडी. तुषार येणार आहे घ्यायला.

रजनी : आणि ढब्बूला कुठला बर्थ मिळालाय? साइड अपर? का आरएसी आहे त्याचं?

अनंत : रजनी, माझं जरा शांतपणे ऐकून घेशील का?

रजनी : ऐकतेय. कूपे घेतला नाहीत. पेटीबद्दल विचारलंत?

अनंत : नाही.

रजनी : डॉक्टरचा दाखला?

अनंत : नाही घेतला.

रजनी : नाहीच घेणार. तो फॉर्म वाचलाय मी, क्वार्टर खाली करायचा. टेबलावरच होता, चष्म्याच्या घराखाली. पंखे चार. ट्यूब सहा. नळ पाच, पैकी एक गळका. ‘पैकी एक गळका’! किती तो प्रामाणिकपणा, पुढे येणाऱ्या माणसाची फसवणूक नको व्हायला. आणि सगळ्यात खाली, पाळीव प्राणी : निरंक. लिहीत होतात तेव्हा निरंक तुमच्या पायाशी बसून तुमचा मोजा चावत होता.

अनंत : तो एक रकाना असतो नुसता. त्यात ‘आहे’ लिहिलं तर दहा प्रश्न विचारतात. कुठे नेणार, कसा नेणार...

रजनी : आणि उत्तर नव्हतं, म्हणून कुत्राच काढून टाकला. मोठा इंजिनियर! पुर्जा बसत नसेल तर ड्रॉइंगमधून खोडायचा.

अनंत : तुषारनं स्पष्ट सांगितलं. त्यांच्या सोसायटीत लिफ्टमधून कुत्रे न्यायला बंदी आहे. अकरा मजले. हा तेरा वर्षांचा, पायऱ्या चढेल?

रजनी : तुषारनं! तोच तुषार ना, बारावीच्या वर्षी दप्तरातून हे पिल्लू घेऊन आलेला? भूगोलाच्या वहीवर मुतलं होतं ते, आणि कार्टं तीच वही छातीशी धरून रडत होतं, ‘आई, याला ठेवलं नाहीस तर मी परीक्षा देणार नाही.’ तुम्ही म्हणालात दोन दिवस. झाली तेरा वर्षं. आता तो तुम्हाला म्हणत असेल, ‘बाबा, प्रॅक्टिकल व्हा.’

अनंत : हेच म्हणाला.

रजनी : म्हणणारच. शिकवलं कुणी?

अनंत : शिवाय घरात आपली चार महिन्यांची नात आहे. अमृता एकटी काय काय बघणार? त्यात या कुत्र्याचे केस, त्याचं ते मध्येच खोकणं. आणि खरं सांगू का, पुण्याची हवा त्याला...

रजनी : बोला. बोला ना! वाक्य पुरं करा. सबनीसबाईंचं वाक्य आहे ते, पण काही हरकत नाही, तुम्ही वापरा.

अनंत : तुला टोमणे मारायला काय जातंय? तीन वर्षं कॉलनीतल्या प्रत्येकाला नावं ठेवत सुटलीस. मला ऑफिसात लोक विचारायचे, ‘बिवलकरसाहेब, मी रिटायर होतोय, भाभीजी मेरे टॉमी का क्या नाम रखेंगी?’ हसून घालवत होतो मी. आणि आता माझीच पाळी आली, तेव्हा तुझ्यासमोर तोंड उघडायची भीती वाटायला लागली मला. स्वतःच्या घरात! नाताळपासून चाललंय हे. कळलं?

रजनी : म्हणून गुपचूप थर्ड एसी.

अनंत : म्हणून गुपचूप त्याची सोय केली मी. फाटकाबाहेर नाही ठेवला. हार नाही घातला गळ्यात. चांगल्या माणसाकडे, चांगल्या घरी सोय केली आहे.

रजनी : कुणाकडे?

अनंत : आहे एक.

रजनी : नाव सांगा.

अनंत : काशिनाथजींकडे.

रजनी : धुकं खरंच वाढलंय हो.

अनंत : आता धुकं? बोल ना. मघाशी तूच म्हणालीस, अख्ख्या टाउनशिपमध्ये एवढाच एक माणूस.

रजनी : चला, मागे फिरू.

अनंत : आता? वड तर समोर दिसतोय.

रजनी : मला थंडी वाजतेय. पट्टा द्या इकडे. ढब्बू, मागे! मागे फीर म्हणते ना!

(धुक्यातून काशिनाथ येतो. मागे तीन कुत्रे. एकाच्या अंगात जांभळा स्वेटर.)

काशिनाथ : रामराम साहेब! रामराम वहिनी. आज उशीर केला जी तुम्ही. हे तिघं कवाचे रस्त्याकडं पाहून राहिले. ए नायर, बस खाली. सबनीस, हट तिकडं, ढब्बूले जागा दे.

अनंत : रामराम काशिनाथजी. आम्ही... आम्ही निघतोच आहोत परत.

काशिनाथ : इतल्यात? मले तं बोलायचंच होतं तुमच्यासंगं. साहेब, ते खाण्याचं पोतं मिळालं परवा. पण एवढं मोठं कायले आणलं जी? आमच्याकडं तो पोळीच खाईन, चौघंजण एकाच परातीत.

अनंत : असू द्या हो. ते... हिला आत्ताच सांगितलं मी. म्हणजे सांगतच होतो.

काशिनाथ : वहिनीले? वहिनीले काय सांगायचं बाप्पा! गादी तं वहिनींनीच धाडली न आधी. भांडं बी दिलं, पितळेचं. न ती निळी चादर, तिच्यावाचून त्याले झोप येत नाही म्हणल्या.

अनंत : कधी?

रजनी : काशिनाथजी, जाऊ द्या.

अनंत : कधी दिलं हे, काशिनाथजी?

काशिनाथ : दिवाळीत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आल्या होत्या न वहिनी आमच्या घरी. अशोका गार्डनहून रिक्षानं. माह्या बायकोनं चहा केला, तं कप तसाच राहिला. म्हणल्या, ‘काशिनाथजी, जानेवारीत आम्ही जाणार, ढब्बूले तुमीच ठेवा.’ मी म्हणलं ठेवतो, त्यात काय. मंग नाताळात साहेब आले, तं मले वाटलं, वहिनींनी सांगतलं म्हणून पक्कं करायले आले. काहून जी? काही चुकलं का माह्यं?

अनंत : नाही, तुमचं काही नाही चुकलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी! पडद्याचं कापड बघायला गेली होतीस तू अशोका गार्डनला. संध्याकाळी रिकाम्या हातानं आलीस. म्हणालीस, मनासारखा रंग मिळाला नाही.

रजनी : हो.

अनंत : आणि गादी? गादी धुवायला दिलीय म्हणालीस. दोन महिने कुठला धोबी धुतो कुत्र्याची गादी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. वा, रजनी. वा! म्हणजे माझ्या दोन महिने आधी! आणि मघापासून मला सोलत होतीस ती. कूपे घेतलात का? दाखला घेतलात का? निरंक! तिकिटाचं पण ठाऊकच असणार तुला.

रजनी : तुमच्या फोनवर मेसेज आला त्याच दिवशी वाचला.

अनंत : तरी विचारलंस, डबा कुठला.

रजनी : तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

अनंत : कशासाठी?

रजनी : तुम्ही केलंत म्हणजे मी नाही केलं, म्हणून. दुसरं काय? पुरतं ऐकायचंय? ऐका मग. काशिनाथजी, तुम्ही पण थांबा, जाऊ नका. दसऱ्याला अमृताचा फोन आला. बाळ महिन्याचं होतं. म्हणाली, ‘आई, ढब्बूचं काय ठरवलंत?’ मी वाटच बघत होते त्या प्रश्नाची. ती नको म्हणाली की काय काय बोलायचं, ते सगळं पाठ करून ठेवलं होतं. सबनीस, नायर, चतुर्वेदी, सगळ्यांची उदाहरणं देणार होते तिला. तर ती बिचारी भांडलीच नाही हो. एवढंच म्हणाली, ‘बाळाला सारखी सर्दी होते.’ आणि मी काय म्हटलं असेल? म्हटलं, ‘छे छे, त्याची नको तू काळजी करू, त्याची इथे सोय होईल.’ एका दमात! एक मिनिटसुद्धा लागलं नाही मला. फोन ठेवला तर हा पायाशी बसलेला, शेपटी हलवत. फोनमधून तुषारचा आवाज आला होता ना, म्हणून.

अनंत : मला का नाही सांगितलंस?

रजनी : काय सांगू? मला ती पोर मांडीवर घ्यायचीय हो. चार महिने झाले, फोनच्या काचेवर हात फिरवतेय तिच्या गालावरून. तिचं नाव निघालं आणि मला हा आठवलाच नाही. तेरा वर्षं याला भरवलं आणि त्या क्षणी आठवला नाही. हे तोंडानं सांगायचं कुणाला? म्हणून वाट बघत बसले, तुम्ही कधी काय करताय त्याची. आणि त्या फॉर्मवर निरंक वाचलं ना, तेव्हा राग नाही आला मला. हायसं वाटलं. म्हटलं, चला, आता हे यांनी केलं.

अनंत : आणि मी झोपत नव्हतो, तुला काय वाटेल म्हणून. एकाच खाटेवर. मध्ये हा घोरतोय.

काशिनाथ : एक बोलू का साहेब? राग मानू नका.

अनंत : बोला.

काशिनाथ : तुम्ही साहेबलोकं लिखापढीत लई हुशार, पण घरात एकमेकाले सांगायचं म्हणलं का तोंडाले कुलूप. आमच्या लायनीत असं असतं तं पहिल्याच दिवशी भांडी आपटली असती, रडारड झाली असती, न सांजच्याले ठरलं असतं. तुम्ही दोघं बी चोरून माह्याच दारात. न मी येडा, दोघायलेबी हाव म्हणलं.

रजनी : बरोबर बोलताय. सबनीसबाई तरी माझ्या तोंडावर बोलल्या, खोटं का होईना.

काशिनाथ : वहिनी, आता सबनीसबाईचं निघालंच तं सांगूनच टाकतो. मले सांगू नका म्हणल्या होत्या. हा सोटर त्यायनंच धाडला.

रजनी : कुठला?

काशिनाथ : हाच, जांभळा. दरसाल धाडते त्या पुण्याहून, पार्सलनं. हा तिसरा. हातानं विणते. बोटं दुखते म्हणे आता, म्हणून औंदा उशीर झाला. न नायरसाहेब महिन्यातून एक डाव फोन लावते. मी फोन कुत्र्याच्या कानाले धरतो, ते तिकडून काहीबाही बोलते त्यायच्या भाषेत. हा ऐकते न मंग दिवसभर जेवत नाही. मी म्हणलं बी त्यायले, साहेब, नका करत जाऊ फोन. तरी करते.

रजनी : मला का नाही सांगितलंत हे कधी?

काशिनाथ : सबनीसबाई म्हणल्या, ‘बिवलकर वहिनीले कळू देऊ नका. त्या हसतील.’

रजनी : ठीक आहे. हसलेच असते. मघाशीच हसले की. बिबट्या पळेल म्हटलं.

अनंत : चतुर्वेदींचा तरी काही फोनबिन नाही ना येत?

काशिनाथ : नाही जी. ते खरंच तसेच हायत.

रजनी : चला, निदान एक तरी मी बरोबर ओळखला. काशिनाथजी, गुरुवारी निघायचं आमचं. सकाळी ट्रक येईल, लोक येतील, फॅक्टरीतले दोघंतिघं पंखे मोजायला येतील. त्या गडबडीत मला हे जमणार नाही. याला आजच घेऊन जा.

अनंत : आजच? अजून तीन दिवस आहेत.

रजनी : तीन दिवसांनी काय वेगळं होणार आहे? तीन दिवस मी त्याच्याशी गोड गोड बोलेन, तूपपोळी घालेन, तुमची ती शाल पांघरवीन आणि मग फाटकाची कडी लावेन. सबनीसबाईंनी हेच केलं होतं. शेवटच्या आठवड्यात शिरा करून घालत होत्या रोज. मला तेव्हा त्याचंच जास्त हसू आलं होतं.

अनंत : मी कूपे बघतो. खरंच बघतो. चार दिवस पुढे ढकलू. तुषारशी मी बोलतो.

रजनी : बोलाल. आणि अकराव्या मजल्यावर हा म्हातारा जिन्याच्या तोंडाशी उभा राहील, अमृता दार लावून घेईल, बाळ शिंकलं की सगळे याच्याकडे बघतील. मग मीच एक दिवस म्हणेन, याची कुठेतरी सोय करायला हवी. तिथे काशिनाथजी नसतील. नको. इथे तिघे ओळखीचे आहेत त्याला. हा रस्ता आहे. हे मी स्वतःला समजवायला सांगतेय, ते कळतंय मला, तुम्ही मान हलवू नका. घ्या काशिनाथजी, पट्टा धरा.

काशिनाथ : द्या. ये रे बाबू. वहिनी, डोळे पुसा. मी फोटो धाडत जाईन तुमाले.

रजनी : धाडा. खाली काय लिहाल?

काशिनाथ : काय म्हणजे? ढब्बू जेवला, असं लिहीन.

रजनी : ढब्बू नाही. नियम आहे ना.

अनंत : रजनी, नको हे. पुरे आता.

रजनी : का नको? तीन घरांना लावला तेव्हा कुणी नको म्हणालं नाही. आता आपल्या घरावर आलं तर नको? बिवलकर म्हणायचं याला, काशिनाथजी. चारचौघांत, मोठ्यानं. आणि सबनीसबाईंना कळवा, माझा नंबर त्यांनी बंद केलाय. म्हणावं, चौथा आलाय. आणि त्यांना म्हणावं... जाऊ द्या, मीच जाईन त्यांच्याकडे. पुण्यात जाऊन एवढं तरी करेन.

काशिनाथ : माह्या जिभेवर नाही यायचं हे, वहिनी. साहेब समोर उभे हायत.

अनंत : म्हणा, काशिनाथजी. ती म्हणतेय तर म्हणा. माझं पण आहेच ते नाव.

काशिनाथ : तुमी दोघं चालू लागा मंग. पाठमोरे व्हा. समोर असतान मले नाही जमत.

रजनी : चला हो. पट्ट्याकडे बघू नका, रस्त्याकडे बघा. तो बोर्ड आला का सांगा.

अनंत : अजून नाही. दिसत नाही धुक्यात.

काशिनाथ : ए... ए बिवलकर! चाल. चाल बाबू, घरी. ए बिवलकर!

अनंत : रजनी, तो मागून येतोय का गं?

रजनी : बघू नका म्हटलं ना.

काशिनाथ : वहिनी! हा येत नाही जी! बसून राहिला रस्त्यातच, तुमच्याचकडं तोंड करून!

रजनी : येईल, काशिनाथजी. सबनीसला आठ दिवस लागले होते.